प्रभागातून रेल्वे जाणार म्हटल्यावर नगरसेवकाने आधी काय करावे?

दिवा-शीळ पट्ट्यातून पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका नगरसेविकेचा प्रश्न असा आहे: प्रभागातून नवा रेल्वेमार्ग प्रस्तावित आहे. शेतांत आणि चाळींच्या मागे खुंट रोवले गेलेत, अधिसूचना अजून निघालेली नाही. गावठाणातले लोक म्हणतात, एक इंचही द्यायची नाही. इमारतींतले लोक म्हणतात, स्टेशन मागा. पक्षाच्या कार्यालयातून फोन येतोय की दोन दिवसांत भूमिका जाहीर करा. काय बोलू?

ताई, मी सव्वीस वर्षं ठाण्याच्या न्यायालयात भूसंपादनाची प्रकरणं चालवतोय, आणि मूळचा याच भागातल्या आगरी घरातला आहे. माझं उत्तर सरळ आहे. दोन दिवसांत 'विरोध' किंवा 'स्वागत' यांपैकी कुठलाही शब्द तोंडातून काढू नका. हे दोन्ही शब्द एकदा बोलले की परत घेता येत नाहीत. खरं काम मात्र त्यानंतर सुरू होतं, आणि ते मंचावर होत नाही. ते मोजणीच्या दिवशी बांधावर होतं.

हे मी कशावरून म्हणतो ते सांगतो. माझ्या आत्याची पनवेलच्या बाजूला भातशेती होती. नव्वदच्या दशकात एका सरकारी कामासाठी ती गेली. संयुक्त मोजणीच्या दिवशी गावात विरोधाची सभा होती. लाऊडस्पीकर लावला होता, पुढारी बोलत होते, घरातली सगळी पुरुष माणसं तिकडे. बांधावर आत्या एकटी आणि समोर मोजणीवाले. पंचनाम्यात आंब्याची झाडं लिहिली ३, होती ११. विहिरीच्या रकान्यात 'निरंक'. खाली आत्याचा अंगठा. मी तेव्हा नुकताच सनद घेतलेला. नऊ वर्षं तो दावा चालला. विहीर होती हे आम्ही शेवटी सिद्ध केलं ते चुलतबहिणीच्या हळदीच्या फोटोवरून. नवरीच्या मागे विहिरीचा कठडा आणि रहाट दिसत होता. विहिरीचे पैसे मिळाले. आठ आंब्यांचे कधीच मिळाले नाहीत, कारण झाडं तोडून झाली होती आणि त्यांचा फोटो कुणी काढला नव्हता.

त्या सभेतलं भाषण आज कुणालाही आठवत नाही. आत्या शेवटपर्यंत त्या झाडांची नावं घ्यायची. प्रत्येक झाडाला तिनं नाव दिलं होतं.

म्हणून आधी स्वतःशी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या: तुमच्या हातात काय आहे आणि काय नाही. मार्ग कुठून जाणार हे महापालिका ठरवत नाही. रेल्वे अधिनियम, १९८९च्या कलम ११ नं रेल्वेला इतर कायद्यांत काहीही असलं तरी आपली बांधकामं करण्याचा अधिकार दिलाय. बुलेट ट्रेनच्या वेळी काय झालं ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे. २०२०च्या अखेरीस ठाणे महापालिकेच्या महासभेनं शीळची जागा देण्याचा प्रस्ताव दप्तरी दाखल केला, म्हणजे मंजूर न करता बाजूला ठेवला. त्या दिवशी बातमी मोठी झाली. पण आखणी जिथे होती तिथेच राहिली, २०२२ मध्ये राज्यात सत्ता बदलली आणि अडलेल्या परवानग्या सुटल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये घणसोली ते शीळफाटा हा ४.८८ किलोमीटरचा बोगदा आरपारही झाला. ज्यांनी त्या दोन वर्षांत आपले वारस लावून घेतले नाहीत, त्यांना वाटलं होतं की आता हे होतच नाही. त्यांचंच सगळ्यात जास्त नुकसान झालं. 'होऊ देणार नाही' या वाक्याची ही किंमत असते, आणि ती पुढाऱ्याला मोजावी लागत नाही.

याचा अर्थ लढू नये असा अजिबात नाही. जानेवारी १९८४ मध्ये जासई-पागोटे परिसरात भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. त्यांच्या त्यागामुळे आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वामुळे १९९० मध्ये नवी मुंबईच्या प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमिनीचं धोरण मिळालं. पण लक्षात घ्या, दि. बा. स्वतः वकील होते. ते मागणी नेमकी मांडत: आमच्या जमिनीवर शहर उभं राहतंय, तर त्या शहरात आमचा हिस्सा काय? मागणी नेमकी होती म्हणून ती धोरणात उतरली. तुमची मागणीही तशीच नेमकी हवी, गट नंबर आणि घर नंबरासकट.

आता कामाकडे येतो. अधिसूचना निघालेली नाही म्हणता, म्हणजे तुमच्याकडे सगळ्यात मौल्यवान वेळ आहे. विशेष रेल्वे प्रकल्प असेल तर रेल्वे अधिनियमाच्या कलम २०अ खाली अधिसूचना निघते आणि हरकतींसाठी मिळतात फक्त ३० दिवस. २०१३च्या भूसंपादन कायद्याखाली गेले तर प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवस. तीस दिवसांत वारस नोंद होत नाही. मुंबईला असलेला भाऊ, लग्न होऊन भिवंडीला गेलेली बहीण, आजोबांच्या नावावर अडकलेला सातबारा, 'इतर हक्कात' पडून राहिलेला जुना सोसायटीचा बोजा, ही सगळी गुंतागुंत अधिसूचना निघाल्यावर सोडवायला बसलात तर निवाडा (भरपाई ठरवणारा आदेश) येतो, रक्कम वादग्रस्त म्हणून प्राधिकरणाकडे जमा होते आणि घरचे एकमेकांविरुद्ध न्यायालयात उभे राहतात. माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत सरकारशी भांडण असलेली कमी असतात, भावाभावांतली जास्त.

तेव्हा पुढच्याच महिन्यात प्रभागात दोन-तीन शनिवार शिबिर लावा. तलाठ्यांना (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय) बोलवा, मंडळ अधिकाऱ्यांना बोलवा. खुंटांच्या दोन्ही बाजूंच्या प्रत्येक गटाचा सातबारा, आठ-अ आणि फेरफार काढून बघा. वारस नोंदी, बोजे कमी करणं, नावातल्या चुका, एवढंच काम. यात फोटो छापून येण्यासारखं काही नाही, पण यानं जितकी घरं वाचतात तितकी मोर्च्यानं वाचत नाहीत. आणि बहिणींची नावं सातबाऱ्यावर लावायचा आग्रह तुम्ही धरा. बाई म्हणून तुमचं ऐकतील. हक्कसोडपत्रावर सही घेण्यासाठी या काळात बहिणींना फार गोड बोलून बोलावलं जातं.

याच काळात दलाल फिरू लागतात. 'भरपाई मिळवून देतो, दहा टक्के द्या' म्हणून कुलमुखत्यारपत्र लिहून घेतात, किंवा नोटरी करारावर स्वस्तात जमीनच घेतात. प्रत्येक वाडीत तोंडी सांगा की कोऱ्या कागदावर आणि कुलमुखत्यारपत्रावर सही करायची नाही. दुसरी गोष्ट अवघड आहे, तरी बोलतो. तुमच्या, तुमच्या यजमानांच्या, दिरांच्या नावावर त्या पट्ट्यात काही जमीन असेल तर ती पहिल्याच बैठकीत लोकांना सांगून टाका, आणि घरात कुणी आता नवी खरेदी करत असेल तर थांबवा. आखणीचा नकाशा हाती आलेल्या माणसानं शेजारची जमीन घेणं हा लोकांचा सगळ्यात मोठा विश्वासघात आहे. गाव सगळं विसरतं, हे विसरत नाही.

भरपाई कशी ठरते हे तुम्हाला स्वतःला तोंडपाठ हवं, कारण सभेत पहिला प्रश्न तोच येणार. २०१३च्या कायद्याचं कलम २६ सांगतं की बाजारमूल्य धरताना रेडी रेकनरचा दर आणि परिसरातल्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी जास्त किमतीच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी, यांत जे जास्त ते घ्यायचं. त्यावर झाडं-बांधकाम, त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, आणि अधिसूचनेपासून बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के जादा रक्कम. २०१५ पासून रेल्वेच्या संपादनालाही भरपाईच्या या तरतुदी लागू आहेत. वाटाघाटीनं थेट खरेदी झाली तर राज्याच्या २०१५च्या धोरणात २५ टक्के वाढीव रक्कम आहे. आता यातली मेख बघा. आपल्याकडे खरेदीखतात रक्कम कमी दाखवायची जुनी सवय. व्यवहार झाला ऐंशी लाखांचा, कागदावर तीस. तीस लाखांचाच तो कागद उद्या शेजाऱ्याच्या भरपाईत पुरावा म्हणून येतो. लोकांना हे समजावून सांगा, आणि खऱ्या किमतीची जी खरेदीखतं असतील ती आत्तापासून गोळा करा. माझ्या अनुभवात रक्कम वाढवून मिळालेली बहुतेक प्रकरणं अशा दोन-चार प्रामाणिक खरेदीखतांवर उभी राहिलीत.

दोन तरतुदी लोकांना माहीत नसतात आणि रेल्वेच्या बाबतीत त्याच जास्त उपयोगी पडतात. रुळांचा पट्टा अरुंद असतो. तो शेताचे किंवा घराचे दोन तुकडे करून जातो. उरलेल्या तुकड्याला रस्ता राहत नाही, तो कसता येत नाही. अशा तुटण्याच्या नुकसानीची वेगळी भरपाई २०१३च्या कायद्याच्या कलम २८ मध्ये आहे, पण ती मागावी लागते. आणि घराचा फक्त काही भाग जात असेल तर मालक त्याच कायद्याच्या कलम ९४ खाली म्हणू शकतो की घ्यायचं तर संपूर्ण घर घ्या. अर्धं पाडलेलं घर घेऊन बसलेली माणसं मी बघितलीत. स्वयंपाकघराची भिंत गेली आणि माजघर राहिलं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पैसे उचलताना 'हरकत राखून स्वीकारले' असं लेखी दिल्याशिवाय धनादेश घ्यायचा नाही. त्याच कायद्याच्या कलम ७७ आणि ६४ यांचा अर्थ असा की हरकत न नोंदवता पैसे घेतले तर पुढे वाढीव मागता येत नाही. आणि निवाड्याच्या वेळी हजर असणाऱ्याला अर्जासाठी फक्त ६ आठवडे मिळतात. संपादन रेल्वे अधिनियमाखाली असेल तर वाद लवादाकडे जातो, तेव्हा नोटिशीवर कुठल्या कायद्याचं नाव आहे ते पहिल्या दिवशी बघा.

हे झालं सातबारावाल्यांचं. तुमच्या प्रभागात त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त लोक चाळीत राहतात, ज्यांच्या नावावर जमीन नाही. पुढाऱ्यांच्या भाषणात गावठाण येतं, चाळ येत नाही. २०१३च्या कायद्यात बाधित कुटुंबाची व्याख्या जमीनमालकापुरती नाही. तीन वर्षं तिथे राबून पोट भरणारे कूळ, मजूर, कारागीरही त्यात येतात. पाण्यावर उपजीविका असणारे मच्छीमारही येतात. हे शेवटचं आपल्यासाठी महत्त्वाचं. खाडीत भराव पडला, पुलाचे खांब आले की जाळं टाकायची जागा जाते, आणि कोळी बांधवांकडे त्या पाण्याचा सातबारा नसतो. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये मच्छीमारांच्या भरपाईसाठी राज्याला धोरण करायला लावलं. त्या निकालाची प्रत तुमच्या टेबलावर असू द्या.

झोपड्या आणि चाळींसाठी मुंबईत रेल्वेच्या एमयूटीपी (मुंबई नागरी वाहतूक) प्रकल्पात पुनर्वसनाचं धोरण झालं, २२५ चौरस फुटांचं घर मिळालं. पण घर कुठे मिळालं हा खरा प्रश्न असतो. पोरांची शाळा, बाईची धुणीभांड्याची कामं, नवऱ्याचा नाका, हे सगळं मागे राहतं. ऐरोली-कळवा जोडमार्गाचं उदाहरण जवळचंच आहे. दिघा गाव स्थानक १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालं, पण कळव्याकडचा उन्नत भाग घरांच्या पुनर्वसनापायी मागे पडला. पुनर्वसन आधी न ठरवल्यानं रेल्वेचंही नुकसान होतं. प्रवाशांना हव्या असलेल्या मार्गाला उशीर होतो आणि झोपडीवालाही वर्षानुवर्षं टांगणीला लागतो. म्हणून पुनर्वसनाची जागा प्रभागाच्या आसपास हवी, हा तुमचा पहिल्या पत्रातला मुद्दा असायला हवा. सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण होईल तेव्हा प्रत्येक दार उघडं असेल याची काळजी घ्या. कुलूप लावून कामावर गेलेल्या माणसाचं घर यादीतून सुटतं. आणि भरपाईसाठी रातोरात उभ्या राहणाऱ्या नव्या झोपड्यांना पाठीशी घालू नका. त्यानं जुन्यांचा हक्क संशयात येतो.

स्टेशनाच्या मागणीबद्दल थोडक्यात. मागा, पण पैसा कुठून येणार हे समजून मागा. नवी मुंबईच्या रेल्वेत खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोनं उचलला आणि ३३ टक्के रेल्वेनं, म्हणून तिथे स्थानकं नोडच्या (सिडकोच्या वसाहतींच्या) आखणीप्रमाणे झाली. एमयूटीपीत राज्याचा निम्मा वाटा असतो. म्हणजे तुमची मागणी रेल्वेमंत्र्यांच्या निवेदनापुरती ठेवून चालणार नाही. ती आमदारांमार्फत नगरविकास विभागाकडे आणि खासदारांमार्फत रेल्वेकडे, दोन्हीकडे एकाच मसुद्यात गेली पाहिजे.

त्याहून मला पोटतिडकीनं सांगायचंय ते ओलांडण्याबद्दल. रूळ पडले की गाव दुभंगतं. दिव्याच्या फाटकात उभं राहून बघा. शाळेची पोरं, गरोदर बाई, रिक्षा, सगळे तासन् तास दोन्ही बाजूंना ताटकळतात. फाटक उघडलं तर लोकल रखडते, बंद ठेवलं तर माणूस रूळ ओलांडतो. खारेगावचा उड्डाणपूल २०२२ मध्ये खुला होईपर्यंत कळवेकरांनी किती वर्षं हेच भोगलं. रेल्वे अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे शेजारच्या जमीनमालकांसाठी ओलांडायच्या वाटा, मोऱ्या, पाण्याचे निचरे करून देणं रेल्वेवर बंधनकारक आहे. मात्र मार्ग सुरू होऊन १० वर्षं उलटली की जादा कामाचा खर्च रेल्वेवर टाकता येत नाही. म्हणजे पादचारी पूल, भुयारी वाट, ट्रॅक्टर जाईल एवढी मोरी, हे सगळं नकाशात आत्ताच आलं पाहिजे. स्मशानाची वाट, देवळाची वाट, होडी ओढायची वाट, एकेक जुन्या माणसाबरोबर चालत जाऊन नकाशावर उमटवा.

पाण्याचंही तसंच. पारसिकच्या डोंगरावरून येणारं पाणी आपल्या खाजणातून खाडीला जातं. मध्ये रुळांचा बांध आला आणि मोरी अरुंद ठेवली की पहिल्या मोठ्या पावसात वरच्या बाजूच्या घरांत कंबरभर पाणी. भरतीच्या वेळी उघाड्या (बांधातली पाणी सोडायची दारं) बंद असतात तेव्हा तर पाण्याला जायलाच जागा नाही. कार्यालयात बसून अभियंत्याला हे पटत नाही. त्यांना घेऊन एखाद्या जुन्या घरात जा आणि २६ जुलै २००५ च्या पाण्याची भिंतीवरची रेघ दाखवा. मी एकदा हे केलंय. त्या साहेबांनी खिशातून टेप काढून जमिनीपासून रेघेपर्यंतची उंची मोजली, वहीत लिहून घेतली आणि पुढच्या नकाशात दोन मोऱ्यांच्या चार झाल्या.

आता तुमचा मूळ प्रश्न, दोन दिवसांनी काय बोलायचं. मी असं लिहून दिलं असतं: "प्रस्तावित मार्गाचा नकाशा आणि बाधित गट क्रमांकांची यादी मी रेल्वेकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागितली आहे. ती मिळाल्यावर प्रत्येक वाडीत आणि चाळीत मराठीत वाचून दाखवली जाईल. मोजणी घरच्यांच्या समोर आणि पूर्वसूचनेनंच झाली पाहिजे. घर जाणाऱ्याला घर जवळच मिळालं पाहिजे, शेत जाणाऱ्याला कायद्यातली पूर्ण रक्कम, मच्छीमाराला त्याच्या पाण्याची भरपाई. मार्ग ठरवणं माझ्या हातात नाही, हे मी लोकांना स्पष्ट सांगते. मोजणीच्या प्रत्येक दिवशी मी तिथे हजर असेन." यातलं शेवटचं वाक्य पाळता येणार असेल तरच बोला.

पक्षाला हे निवेदन मिळमिळीत वाटेल. वरिष्ठांना सांगा की महासभेत आपल्याला नेमकं ज्यावर बोलता येतं ते अजून यायचंय: विकास आराखड्यातला फेरबदल, महापालिकेच्या जागेचं हस्तांतरण, झाडं, नाले, पोहोचरस्ते. ठरावाला अटी जोडण्याची ताकद तिथे आहे. २०२२ नंतर महापालिका प्रशासकाच्या हाती असताना ती वापरणारं कुणी नव्हतं, आता तुम्ही आहात. विनाअट 'हो' आणि विनाअट 'नाही' दोन्ही म्हणजे ती ताकद फुकट घालवणं.

मोजणीच्या दिवशी काय न्यायचं तेही लिहून ठेवा. आदल्या दिवशीच प्रत्येक झाड, विहीर, गोठा, बोअर, कुंपण यांचे फोटो तारखेसकट काढून घ्यायचे. प्रत्येक झाडाच्या बुंध्याला चुन्यानं आकडा घालायचा. जुना मोजणी नकाशा, 'क' प्रत असेल तर ती. पंचनामा मोठ्यानं वाचून घेतल्याशिवाय सही नाही, एकही रकाना कोरा नाही, आणि सही केली की तिथल्या तिथे मोबाईलवर त्याचा फोटो. आणि घरातली सगळ्यात वयस्कर बाई बांधावर असलीच पाहिजे, तिच्यासाठी खुर्ची आणि छत्री घेऊन जा. कुठल्या झाडाला किती वर्षं झाली आणि बांध आधी कुठे होता, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.